तू कशी आहेस, असं आधी विचारणारी माणसं

तमिळनाडूतल्या कुंभकोणमहून परत आल्यापासून जो भेटेल त्याला मी तिकडे ऐकलेली एकच गोष्ट सांगत सुटले आहे. शाळेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, बँकेच्या रांगेत एका अनोळखी आजींना सांगितलं, आणि त्या आजींनी माझा हातच धरला, कारण त्यांचा नातू सहा वर्षांचा झाला तरी अजून एक शब्द बोलत नाही. मग ठरवलं, आता लिहूनच काढायचं. ज्यांच्या घरात, शेजारात, नात्यात असं एखादं मूल आहे त्या सगळ्यांपर्यंत हे पोचायला हवं आणि लवकर पोचायला हवं.

माझा भाचा चार वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ताठ, मान आता कुठे सावरतेय, आणि हसतो तेव्हा सगळ्या अंगानं हसतो. वहिनी त्याला कडेवर घेऊन दोन बस बदलून फिजिओथेरपीला नेते, अर्धा तास व्यायाम होतो, पुन्हा दोन बस बदलून घरी येते आणि लगेच कुकर लावते. आजवर जितके डॉक्टर झाले, जितक्या फायली झाल्या, त्या सगळ्यांत मुलाबद्दल पानंच्या पानं आहेत. वहिनीबद्दल एक ओळ नाही. हे माझ्या लक्षात आलं ते तमिळनाडूतल्या एका खेड्यात, एका देवळात, भातानं भरलेल्या ताटासमोर.

आम्ही तिकडे गेलो होतो ते गोविंदपुरमच्या विठ्ठलाच्या दर्शनाला. उतरलो होतो कुंभकोणममधल्या एका मराठी घरी. व्यंकोजीराजांच्या मागून तंजावर मुलखात गेलेल्या माणसांचे वंशज अजूनही घरात मराठी बोलतात. त्या बोलीतले काही शब्द आपल्याला पहिल्यांदा ऐकताना नवे वाटतात आणि मग एकदम ओळखीचे होतात. त्या घरातल्या अक्कांनी भाच्याला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, आलाच आहात तर इन्नंबूरला जाऊन या, बोलता न येणाऱ्या लेकरांना तिथे नेतात.

इन्नंबूर कुंभकोणमच्या जवळचंच, भातशेतीतलं गाव. तिथलं शिवाचं देऊळ फार जुनं आहे. अप्पर या सातव्या शतकातल्या शैव संतानं त्याच्यावर रचना केली आहे. गाभाऱ्यावरचं शिखर हत्तीच्या पाठीच्या आकाराचं, म्हणजे गजपृष्ठ, कारण ऐरावतानं इथे पूजा केली अशी श्रद्धा. अंबेची देवळं दोन, एक सुगंधकुंतलांबा आणि एक नित्यकल्याणी. देवाचं नाव एळुत्तरिनाथर, अक्षरं जाणणारा. त्याची कथा मला फार आवडली. देवळाचा हिशेब ठेवणाऱ्या पुजाऱ्यावर राजाला संशय आला, हिशेब दाखव म्हणाला, पुजारी घाबरला, तर शंकर स्वतः त्याचं रूप घेऊन राजासमोर गेला आणि सगळा हिशेब चोख मांडून आला. म्हणून मुलांना शाळेत घालण्याआधी इथे आणतात, भातात बोट धरून अक्षरं गिरवून घेतात. आणि ज्यांना वाचेची अडचण आहे त्यांचे आईबापही इथेच येतात.

तिथे आमच्या शेजारी एक बाई बसली होती. तिची मुलगी पाच-एक वर्षांची, दोन्ही पायांना स्प्लिंट. मुलीचं बोट तिनं भातातून फिरवलं, मुलीनं दुसऱ्या हातानं मूठभर भात उडवला, आणि ती बाई खळखळून हसली! मी वहिनीकडे पाहिलं. वहिनी त्या बाईच्या हसण्याकडे बघत होती. इतकी मोकळी, इतकी न थकलेली आई आम्ही अशा मुलाबरोबर कधी पाहिली नव्हती. अक्का मध्ये बसल्या, तमिळचं मराठी आणि मराठीचं तमिळ करत, आणि गप्पा ज्या सुरू झाल्या त्या देवळाबाहेरच्या सावलीत दुपार उलटून गेली तरी थांबेनात.

ती बाई तेनकासी जिल्ह्यातली, यात्रेला आलेली. तिच्या गावात ना हॉस्पिटल, ना थेरपीचं सेंटर. पण तिच्या घरी एक मुलगी येते. आसपासच्याच गावातली, तिच्यासारखीच बोलणारी, शिकवून तयार केलेली. ठरलेल्या दिवशी येते, अंगणात सतरंजी टाकते, व्यायाम घेते आणि आईला, आजीला, मोठ्या भावाला ते व्यायाम शिकवून जाते. फिजिओथेरपिस्ट, वाचाउपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक हे त्या मुलीच्या पाठीशी असतात, गरज पडेल तसे तेही घरी येतात. आल्यावर ती पहिल्यांदा काय करते? अक्कांनी हे वाक्य दोनदा भाषांतर करून सांगितलं: ती आधी मला विचारते, तू कशी आहेस, झोप झाली का, जेवलीस का.

आणि पुढचं तर मला उठून उभं करणारं होतं. सुरुवातीलाच त्या आईला विचारलं होतं, तुला काय हवं आहे. मुलीला काय यावं ते डॉक्टर सांगतील, पण तुझ्या घरात, तुझ्या दिवसात, काय बदललं तर तुला बरं वाटेल? ती म्हणाली होती, स्वयंपाक करताना ही माझ्याजवळ बसावी, मला दोन्ही हात मोकळे हवेत. बस्स. मग सगळी थेरपी त्या दिशेनं बेतली. गावच्या सुतारानं कोपऱ्यात ठेवायची तीन बाजूंनी आधार देणारी बैठक करून दिली, पुढे छोटा पाट, पायांखाली लाकडी ठोकळा. मुलगी चुलीपाशी बसू लागली. बसू लागली म्हणून हात वापरू लागली, हात वापरू लागली म्हणून ताटली वाजवू लागली, आणि आई तिच्याशी बोलत स्वयंपाक करते म्हणून आवाज काढू लागली. एका आईच्या मोकळ्या हातांतून केवढं काय निघालं!

घरी येणारी ती मुलगी ज्या संस्थेची, त्या संस्थेचं नाव अमर सेवा संगम. तेनकासी जिल्ह्यातल्या आयकुडीत आहे. परतल्यावर मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं, आणि वाचता वाचता रात्री उठून वहिनीला फोन केला. 1975 मध्ये इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी, एस. रामकृष्णन, नौदलाच्या अधिकारी निवडीच्या शारीरिक चाचणीत पडला आणि मानेखालचं सगळं शरीर गेलं. त्याच्यावर उपचार करणारे वायुदलातले डॉक्टर होते अमरजितसिंग चहल. 1981 हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष. त्या वर्षी रामकृष्णननी आपल्या गावात संस्था काढली आणि तिला डॉक्टरांच्या नावातलं अमर हे नाव दिलं. पुढे एस. शंकररामन आले, चार्टर्ड अकाउंटंट, स्नायूंचा आजार घेऊन चाकाच्या खुर्चीतून काम करणारे. 2020 मध्ये रामकृष्णन यांना पद्मश्री मिळाली. स्वतः हात न हलवू शकणाऱ्या माणसानं खेड्यापाड्यांतल्या शेकडो घरांत थेरपी नेली, हे वाक्य मी तीनदा लिहून पाहिलं, तरी मला ते अजून पुरतं झेपत नाही.

त्यांच्या कामाची रीत बघा. सहा वर्षांच्या आतली मुलं शोधायची, कारण मेंदू त्या वयात सर्वांत वेगानं शिकतो. उपचार घरी न्यायचे, कारण खेड्यातली आई रोजची मजुरी बुडवून किती वेळा तालुक्याला जाणार? घरी जाणाऱ्या कार्यकर्त्या गावातल्याच बाया, म्हणजे विश्वासही बसतो आणि त्यांना रोजगारही मिळतो. त्यांच्या हातातल्या फोनवर एक ॲप आहे, त्यात मुलाची तपासणी, ठरवलेली उद्दिष्टं, झालेली प्रगती सगळं नोंदलं जातं आणि दूरच्या तज्ज्ञालाही दिसतं. या कामाला कॅनडातल्या डॉक्टरांचीही साथ आहे. पण मला सर्वांत मोठी वाटली ती गोष्ट वेगळीच. मूल किती पुढे गेलं हे जसं मोजतात, तसं सांभाळणाऱ्या माणसावरचा ताण किती आहे हेही मोजतात! प्रश्नावली असते, आईला विचारतात: झोप मोडते का, पाठ दुखते का, घरातले बेत बदलावे लागतात का, पैशाची ओढ होते का. आणि त्याचे आकडे मुलाच्या आकड्यांशेजारी ठेवतात. आईचा ताण उतरला नाही तर काम झालं असं म्हणत नाहीत.

कुटुंबाला विचारून उद्दिष्ट ठरवण्याची एक पद्धत कॅनडातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टांनी बांधली आणि ती आता जगभर वापरतात, हेही मला यातच कळलं. कुटुंबानं स्वतः महत्त्वाची कामं निवडायची, प्रत्येक कामाला दहापैकी गुण दोनदा द्यायचे: आत्ता ते कितपत जमतं आणि त्यावर आपण कितपत समाधानी आहोत. काही महिन्यांनी पुन्हा द्यायचे. समाधानाला गुण! वहिनी आमच्या घरी आल्या आल्या तिला कागद-पेन्सिल देऊन बसवलं. तिनं कितीतरी वेळ काही लिहिलं नाही. मग लिहिलं: त्यानं आजोबांच्या शेजारी पंगतीत बसावं. आत्ता जमतं दोन, समाधान एक. माझ्या भावानं तो कागद वाचला आणि त्याच संध्याकाळी सुताराकडे गेला.

मग मी आपल्याकडे शोधायला लागले आणि काय सांगू, महाराष्ट्रात किती आहे हे! मुंबईत 1972 मध्ये मिथू अलूर यांनी आपल्या मुलीसाठी, मालिनीसाठी, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची शाळा सुरू केली. तीच मालिनी चिब पुढे लेखिका झाली. नाशिकमध्ये 1977 मध्ये रजनी लिमये यांनी प्रबोधिनी सुरू केली. त्या स्वतः अशा मुलाच्या आई, आणि त्यांच्या त्या एका गरजेतून नाशिकभरच्या मुलांची शाळा उभी राहिली. बदलापूरला 1990 मध्ये माधवराव गोरे आणि पालकांनी मिळून 'आधार' उभं केलं, जिथे मोठी झालेली विशेष मुलं आयुष्यभर राहू शकतात. लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी 'संवेदना' केंद्र आहे, म्हणजे मराठवाड्यातल्या आईला पुण्या-मुंबईकडेच बघायला नको. मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी 2001 मध्ये 'उमीद' सुरू केली, आणि तिथे तर वस्तीत, गावात काम करणाऱ्या साध्या कार्यकर्त्यांना मुलांच्या विकासाचं प्रशिक्षण देतात, म्हणजे आयकुडीतली ती घरी येणारी मुलगी आपल्याकडेही तयार होऊ शकते! आणि महाराष्ट्राबाहेर पाहिलं तर चेन्नईच्या 'विद्यासागर'च्या संस्थापक पूनम नटराजन, त्याही अशा मुलाच्या आई, पुढे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या अध्यक्ष झाल्या. घराघरातून उठलेल्या आया आणि बाप! यातल्या बहुतेक संस्थांच्या मुळाशी एक घर आहे, हे लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून गच्चीवर फेऱ्या मारत राहिले.

बदलापूरच्या 'आधार'वर मला थोडं थांबायचंय, कारण आईवडील मोठ्यानं उच्चारत नाहीत तो प्रश्न या पालकांनी उच्चारला. आमच्यामागं कोण? माझी वहिनी बत्तीस वर्षांची आहे आणि हा प्रश्न तिनं मला पहिल्यांदा विचारला तेव्हा भाचा अजून वर्षाचाही नव्हता. बाकी सगळी दुखणी सहन होतात, हे एक रात्री जागवतं. नातेवाईक म्हणतात, होईल काहीतरी. 'आधार'च्या पालकांनी ते काहीतरी विटा-सिमेंटनं बांधलं, एकत्र येऊन, आपापल्या पैशाला पैसा जोडून. एकट्या बापाला जे अशक्य, ते पंचवीस-पन्नास बापांना शक्य होतं. मला वाटतं, पालकांनी एकमेकांना शोधणं हाच या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा उपचार आहे, आणि तो कुठल्याही फायलीत लिहून देत नाहीत.

आम्हीही शोधलं. आमच्याच शहरात पालकांचा एक छोटा गट निघाला, महिन्यातून एकदा एका शाळेच्या वर्गात भरणारा. भाच्याला घेऊन गेलो. मुलं शेजारच्या खोलीत, तिथे त्यांच्या आत्या, मावश्या, आज्या, कॉलेजात जाणाऱ्या बहिणी. आणि इकडे आईबाप दोन तास मोकळे. त्या दोन तासांत जे कळलं ते आम्हाला चार वर्षांत कळलं नव्हतं!

एक वडील, एसटीतून निवृत्त झालेले, हातात जाड फाइल घेऊन बोलत होते. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 'निरामय' नावाची आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि नियमित थेरपीचा खर्चही त्यात धरतात. थेरपीचा! वहिनीनं माझ्या मांडीवर इतक्या जोरात थाप मारली की बाजूचे वळून बघायला लागले. मग त्यांनी अठराव्या वाढदिवसाचं सांगितलं. मूल कायद्यानं सज्ञान होतं त्या दिवशी आईबापांचा सहीचा अधिकार संपतो, बँकेत, दवाखान्यात, मालमत्तेत. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्यात एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते, आणि ती कायदेशीर पालक नेमते. कोर्टकचेरी लागत नाही. त्यांच्या मुलीचा कागद त्यांनी दाखवला, प्लास्टिकच्या पाकिटात नीट ठेवलेला, आणि तो हातोहात सगळ्या वर्गात फिरला.

दुसऱ्या एका आईनं कर सवलतीचं सांगितलं: जुन्या करप्रणालीत कलम 80डीडीखाली दिव्यांग मुलाच्या पालकाला 75,000 रुपयांची वजावट, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. भाऊ पगारदार आहे, इतकी वर्षं त्याला हे कुणी बोललं नव्हतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं धरली आहेत आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, हेही तिथंच कळलं. शिवाय जिल्हा पातळीवर लहान मुलांच्या विकासातल्या अडचणी लवकर तपासण्यासाठी सरकारी केंद्रं असतात, 2013पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून. आपल्या जिल्हा रुग्णालयात 'डीईआयसी' असं विचारायचं. आजी-आजोबांनो, नातवाची मान वेळेवर सावरत नसेल, नजर ठरत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर काही मुलं उशिराच बोलतात असं म्हणून वर्ष घालवू नका. तिथे घेऊन जा.

या सगळ्या योजना कागदावर आहेत म्हणून मी भारावले नाहीये. कागद कपाटात होतेच की! भारावले ते त्या एसटीवाल्या काकांमुळे, जे रविवारची सकाळ देऊन दुसऱ्यांचे फॉर्म भरून देतात. त्या बाईमुळे, जिनं वहिनीला कोपऱ्यात नेऊन सांगितलं की मुलाला उचलताना कमरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक आणि त्याला अंगाशी घेऊनच उठ, नाहीतर चाळिशीत माझ्यासारखी पट्टा लावशील. चार वर्षांत वहिनीच्या पाठीबद्दल बोललेलं हे पहिलं माणूस. घरी येताना वहिनी बसमध्ये सारखी बोलत होती. ती इतकं बोलते हे मी विसरूनच गेले होते.

आणि भावंडं! हे तर कुणाच्याच मनात येत नाही. त्या वर्गात एक नववीतली मुलगी होती, तिचा धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे. ती म्हणाली, मला इथे यायला आवडतं कारण इथे भाऊ ओरडला तर मला सॉरी म्हणावं लागत नाही. माझ्या भाचीचं वय आता आठ. तिला पुढच्या वेळी आम्ही नेणारच आहोत, त्या मुलीशी तिची ओळख करून द्यायची आहे. भाचीच्या वाट्याला येणारं अर्धवट लक्ष, तिच्या वाढदिवसाला रद्द झालेली सहल, मित्रमैत्रिणींना घरी बोलवायचं की नाही हा तिचा रोजचा प्रश्न, हे सगळं बोलायला तिलाही कुणी हवं आहे.

सुतारानं बैठक करून दिली आहे. सागाचा तुकडा त्यानं पैसे न घेता घातला. मागचा कोन एकदा बदलावा लागला, कमरेला रुंद पट्टा लावला, आणि भाचा आजोबांच्या शेजारी बसून वरणभात खातो. निम्मा अंगावर, पण बसून! वहिनीनं परवा पुन्हा गुण दिले: जमतं पाच, समाधान आठ. फिजिओथेरपीच्या फेऱ्या थांबलेल्या नाहीत, थांबवायच्याही नाहीत. पण आता वहिनी तिथल्या ताईंना हा कागद दाखवते आणि व्यायाम त्याप्रमाणे बसवून घेते. निरामयचा अर्ज भरला आहे. यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं, काम चालू आहे.

आणि पालकांच्या गटात आता एक नवीन विषय निघाला आहे: आपल्या तालुक्यात घरी जाणारी अशी एखादी मुलगी का नसावी? दोन आशाताई आणि एक अंगणवाडीसेविका बैठकीला येऊन बसल्या. प्रशिक्षणासाठी 'उमीद'कडे चौकशी करायची जबाबदारी वहिनीनं मागून घेतली, तिनं स्वतःही शिकायचं म्हटलं आहे. एसटीवाले काका गावांची यादी करत आहेत. कुठल्या वाडीवर कुठलं मूल आहे हे त्यांना कंडक्टर असतानाच माहीत झालं होतं.

बैठक महिन्याच्या तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला भरते. येताना मुलांना घेऊनच या, शेजारच्या खोलीत त्यांना सांभाळायला आम्ही आत्या-मावश्या असतो.